काटा थांबला होता, घसरण नाही

शस्त्रक्रियेआधी माझं वजन 118 किलो होतं आणि उंची 162 सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय 45च्या आसपास. मिनी गॅस्ट्रिक बायपास झालं. त्यात जठराची एक लांबट, लहान पिशवी उरते आणि ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. मधलं बरंचसं आतडं अन्नाच्या वाटेतून बाद होतं. म्हणून खाल्लं जातं कमी आणि अंगी लागतं त्याहून कमी. यातली दुसरी गोष्ट तेव्हा मला वरदान वाटली होती.

पहिलं वर्ष कौतुकात गेलं. मधुमेहाची गोळी सुटली, गुडघे दुखायचे थांबले. सहाव्या महिन्यानंतर मी तपासण्यांना जाणं सोडलं. बरं वाटत असताना रक्त कशाला द्यायचं? व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी मळमळायचं, म्हणून त्या आधी एक दिवसाआड आणि मग आठवल्या तर. हा सर्वस्वी माझा गाढवपणा. केस गळायला लागले तेव्हा ‘सगळ्यांचेच गळतात’ असं ऐकलं. तेही खोटं नाही. वजन झपाट्याने उतरलं की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस जातात आणि पुढे परत येतात. माझे अकराव्या महिन्यातही जातच होते. दिवसातून पाच-सहा वेळा शौचाला जावं लागे, तेही तेलकट, तरंगणारं. असल्या गोष्टी कोण कुणाला सांगतं!

चौदाव्या महिन्यात काटा 52 वर येऊन थांबला. महिना-दीड महिना जागचा हलला नाही. हुश्श म्हटलं, झालं एकदाचं स्थिर. पण अंगठी बोटातून निसटत होती आणि बूट मात्र घट्ट होत होते. हा विरोधाभास मला कळला नाही, ताईला कळला. मी मोजे काढत होते, तिने माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"अगं, ही सूज आहे. आणि तोंड बघ किती ओढलंय. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे चल."

अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, 2.3 निघालं. ते साधारण 3.5च्या वर हवं. हिमोग्लोबिन 7.9. बी-12, डी, जस्त, सगळंच खाली. व्हिटॅमिन ए इतकं कमी की रात्री गाडी चालवताना समोरचं का दिसत नव्हतं ते तेव्हा उलगडलं. त्यासाठी मी चष्मा बदलून बसले होते! डॉक्टरांनी वजनाचं कोडंही सोडवलं. रक्तातलं अल्ब्युमिन पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. ते घटलं की पाणी पायांत उतरतं. माझे स्नायू झिजत होते आणि त्यांच्या जागी पाणी भरत होतं. काट्याला दोन्ही सारखंच.

दवाखान्यात दाखल झाले तेव्हा वाटलं, आता भरपूर खायला घालतील. छे! त्याआधीचे तीन आठवडे उलट्या होत होत्या, म्हणून सलाइनमधून ग्लुकोज देण्यापूर्वी थायमिनचं, म्हणजे व्हिटॅमिन बी-1चं, इंजेक्शन दिलं. थायमिन संपत आलेलं असताना नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. मग नाकातून आतड्यापर्यंत बारीक नळी, आणि तीतून अगदी सावकाश द्रव आहार. उपाशी शरीराला एकदम पोषण मिळालं की फॉस्फेट आणि पोटॅशियम रक्तातून झपकन कमी होतं आणि हृदयावर बेततं. म्हणून सुरुवातीला रोज रक्त तपासत, मगच आहार थोडा वाढवत.

दहा-बारा दिवसांत सूज ओसरली आणि वजन 46 झालं. बीएमआय 17.5. तो आकडा वाचून आत कुठेतरी मला आनंद झाला. हे समुपदेशकांना सांगायला दोन भेटी लागल्या.

नळीसकट घरी आले. रात्रभर पंप चालू, दिवसा तोंडाने खायचं. डायटिशियनबाईंनी प्रथिनं 90 ग्रॅमवर नेली. सहा लहान वेळा, मोबाइलला गजर, कारण भूक लागायचीच नाही. ताटात प्रथिनं आधी, बाकी पोटात जागा उरली तर. जेवताना पाणी नाही, आणि नंतरही अर्धा तास नाही. कॅल्शियम आणि लोह यांच्यात किमान दोन तासांचं अंतर. जेवणाबरोबर स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू झाल्या, त्यांनी शौच निम्म्यावर आलं. ऊठबस जमू लागल्यावर खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायाम. पहिल्या दिवशी दोनदा जमलं.

अल्ब्युमिन 3.5 झालं, नळी काढली. दोन महिन्यांत ते पुन्हा 2.9. म्हणजे खाण्यात कसूर नव्हती, वाटच आखूड होती. सर्जन म्हणाले, बाद झालेल्या आतड्यातला काही भाग पुन्हा वापरात आणू. मात्र कुपोषित शरीरावर टाके नीट भरत नाहीत, म्हणून आधी पुन्हा नळी, पुन्हा पाच आठवडे. मला भीती ऑपरेशनची नव्हती, 118ची होती. "थोडं वाढेल," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सही करायला मी आठवडा घेतला.

त्या ऑपरेशनला आता दीड वर्ष झालं. वजन 61 आहे. ते 58चं 61 झालं तेव्हा रात्रीचं जेवण टाळलं होतं, ताईने ते बरोबर ओळखलं आणि समोर बसून खायला लावलं. तपासण्या आता चुकवत नाही. काट्यावर महिन्यातून एकदाच उभी राहते. नडगीवर अंगठा मात्र रोज सकाळी, मोजे घालण्याआधी. आजही दाबून बघितला, खळगा पडला नाही.