हिरवा दिवा सात वेळा लुकलुकला

सावद्याला आमच्या आबांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, केळी पिकवायचं चेंबर आहे. तीन खोल्या, प्रत्येकीत दहा टन माल. तिथल्या दारावरच्या प्लास्टिकच्या डबीत मी काही वर्षांपूर्वी एक रास्पबेरी पाय बसवला. पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक, थ्री बी प्लस मॉडेलचा. प्रत्येक खोलीत क्रेटमधल्या फण्यांच्या मध्ये तापमानाचे तीन सेन्सर खोचलेले. दर पाच मिनिटांनी नोंद व्हायची आणि पारा 18 च्या वर गेला की आबांच्या मोबाइलवर संदेश यायचा.

हे तापमान का सांभाळायचं, ते आधी सांगतो. केळीला पिकवणारा इथिलीन गॅस दिला की पहिले चोवीस तास दार बंद. मग हवा बदलायची आणि माल 16 ते 18 अंशांत ठेवायचा. पिकायला लागलेली केळी स्वतःच उष्णता सोडते. दहा टन माल एका खोलीत तापायला लागला की थंड हवेचं यंत्र कमी पडू शकतं. फार तापलं तर आतला गर मऊ होतो, पण सालीला धड पिवळा रंग चढत नाही. 13 च्या खाली गेलं तर साल काळपट पडते. दोन्हीकडून भाव गेला. म्हणून आबांसाठी ती डबी शोभेची वस्तू नव्हती. रात्री झोप लागायची ती तिच्यामुळे.

2024 च्या मे महिन्यात संदेश पाठवणाऱ्या लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या संचाची, नवी आवृत्ती टाकायची होती. तिला पायवरची पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, 3.9 आवृत्तीतली, चालेना. पायवर बुल्सआय होतं, म्हणजे पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमची 2021 सालची आवृत्ती. त्यापुढचं बुकवर्म 2023 चं, त्यात पायथन 3.11 मिळतं. रास्पबेरी पाय बनवणारेच सांगतात की मोठी आवृत्ती बदलताना कोऱ्या मेमरी कार्डावर नव्याने टाका, जुन्यावरच चढवू नका. हे मला माहीत होतं. पण डबीतली मांडणी चार वर्षांत थोडी थोडी करत जमलेली, ती पुन्हा उभी करायला दोन दिवस लागले असते, आणि चेंबर तर कधीच रिकामं नसतं. दोन नंबरच्या खोलीला आदल्याच दिवशी गॅस दिलेला. मी जुन्यावरच चढवायचं ठरवलं.

दुपारी तीनला सुरू केलं. आवृत्तीचं नाव बदललं, पॅकेजेस, म्हणजे सिस्टिमच्या प्रोग्रामचे गठ्ठे, उतरायला लागली. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचं, त्यात तीन तास गेले. मग जुनं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, काढून नवं टाकायची पायरी आली. पडद्यावर ओळींचा पाऊस. मी शेवटची ओळ बघत होतो: काही पॅकेजेसमध्ये त्रुटी आली. वर जाऊन पहिली त्रुटी शोधणार, तेवढ्यात वारा सुटला. आमच्या रावेर-यावल भागात मे महिन्यातलं वादळ म्हणजे काय, ते केळीवाल्यांना सांगायला नको. उभ्या बागा आडव्या होतात. लाईट गेली. थंड हवेचं यंत्र मिनिटभरात जनरेटरवर आलं, पण पाय साध्या सॉकेटला मोबाइलच्या चार्जरवर होता. तो गेला तो गेलाच.

लाईट आल्यावर लाल दिवा लागला. हिरवा दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. पहिल्यांदा मी नुसता बघत राहिलो. मग मोजलं. सात. जरा थांबून परत सात.

हे मोजणं सगळ्यात मोलाचं ठरलं. त्या दिव्याला भाषा आहे. चार वेळा लुकलुकला तर सुरुवातीची एक फाइल, स्टार्ट डॉट ईएलएफ, सापडली नाही. सात वेळा म्हणजे कर्नल सापडलं नाही. म्हणजे बोर्ड जळलं नव्हतं, कार्डही मेलं नव्हतं. पाय उठत होता, कार्ड वाचत होता, आणि हवी ती फाइल जागेवर नाही एवढंच सांगत होता. माझ्या छातीवरचं अर्धं ओझं तिथेच उतरलं.

आबा आले. म्हणाले, "दोन नंबरचा पारा किती?"

"आत्ता सांगता येत नाही, आबा. हाताने बघावा लागेल."

त्यांनी खुंटीवरचा जुना काटा थर्मामीटर काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मग तासातासाला बघ. बाकी तुझं चालू दे." त्यांचा आवाज चढला नाही. मला ते जास्त लागलं.

रखवालदार मामा अमळनेरकडचे. दर तासाला आम्ही दोघं आत जायचो. बाहेर अंगाची लाही, आत ओलसर गारवा आणि पिकू लागलेल्या केळीचा गोडूस वास. मामा बॅटरी धरायचे, मी काट्याचं टोक एका केळ्यात खुपसून काटा स्थिर व्हायची वाट बघायचो. आठला 17.4. नऊला 17.6. दहाला 17.5. वहीत लिहायचं, दार लावायचं, लॅपटॉपकडे परत.

कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. त्यावर लिनक्स होतं, म्हणून पायच्या कार्डावरचे दोन्ही भाग उघडता आले: बूटचा 256 एमबीचा छोटा भाग आणि बाकीचा मोठा. काहीही दुरुस्त करायच्या आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी प्रत घेतली आणि ती घरातल्या दुसऱ्या कार्डावर उतरवली. मूळ कार्ड पाकिटात घालून बाजूला ठेवलं. पुढचं सगळं प्रतीवर. घाईत हे सोडून द्यावंसं फार वाटतं, पण त्यात चार वर्षांच्या नोंदी होत्या. कोणत्या महिन्यात कोणती खोली किती तापते, ते सगळं.

लाईट गेल्याने मोठ्या भागात गडबड झालेली असणार म्हणून आधी एफएसचेक हा कार्डावरच्या फाइलींची मांडणी तपासणारा प्रोग्राम चालवला. त्याने काही नोंदी दुरुस्त केल्या. मग पॅकेजेसचा लॉग उघडला आणि या वेळी वरून वाचत आलो. पहिली त्रुटी होती ती अशी: बूटच्या आतलं फर्मवेअर फोल्डर जागेवर नाही, माउंट करायला (जोडायला) विसरलात का?

तिथे उलगडा झाला. बुल्सआयमध्ये तो छोटा भाग 'बूट' या फोल्डरवर जोडलेला असतो. बुकवर्ममध्ये तो त्याच्या आत 'फर्मवेअर' या फोल्डरवर जोडायचा असतो. कोणता भाग कुठे जोडायचा ते एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, तिथे ती जोडणी मी बदलली नव्हती. त्यामुळे नवं कर्नल आवृत्तीच्या आकड्यासह आपल्या लांबलचक नावाने छोट्या भागात येऊन पडलं. पाय ज्या नावाने शोधतो, म्हणजे कर्नल 8 डॉट आयएमजी, त्या नावाची प्रत करणारी स्क्रिप्ट फर्मवेअर फोल्डर न दिसल्याने मध्येच थांबली. जुनं कर्नल मी आधीच काढलेलं. फाइल तिथेच होती, फक्त नाव वेगळं. मी त्या यादीकडे बराच वेळ बघत होतो.

नुसतं नाव बदलून कदाचित सुरू झाला असता, पण पॅकेजेस अर्धवट लटकलेली राहिली असती आणि पुढच्या अपडेटला परत हेच. म्हणून एफएसटॅबमधली ती ओळ सुधारली, छोटा भाग नव्या जागी जोडला, आणि क्यूएमयू वापरून लॅपटॉपवरूनच पायच्या सिस्टिमच्या आत शिरलो. लॅपटॉपचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा, तरी क्यूएमयूमुळे पायचे प्रोग्राम त्यावर चालतात, फक्त सावकाश. कर्नलचं पॅकेज पुन्हा टाकायला लावलं, मग अर्धवट राहिलेली बाकीची पूर्ण केली. एकेक ओळ सरकत होती.

मामा चहा घेऊन आले. "काय करी राहिना भाऊ इतली रातले? झोप ना आते."

"मामा, दोन वाजताचा पारा बघू आणि मग बघू झोपेचं."

17.8 होता. दोन नंबरची खोली चढायला लागली होती. आबांना उठवलं, त्यांनी थंड हवेचं यंत्र थोडं वाढवलं आणि तिथेच खुर्ची टाकून बसले.

सव्वातीनला कार्ड पायमध्ये घातलं. हिरवा दिवा सातच्या हिशोबात न अडकता भराभर, वेडावाकडा लुकलुकत राहिला. तसं लुकलुकणं म्हणजे कार्ड वाचणं चालू आहे. मिनिटाभराने लॅपटॉपवरून आत शिरता आलं. आठ सेन्सर बरोबर बोलले. नवव्याने 85 अंश दाखवले.

आबा उभेच राहिले. मी म्हटलं, "आबा, थांबा, हा खरा आकडा नाही." डीएस 18 बी 20 हा सेन्सर नुकता चालू झाला आणि मोजमाप पूर्ण झालं नाही, की 85 हाच आकडा देतो. म्हणजे त्याला वीज नीट पोचत नाही. डबी खाली काढताना जोडणीतली एक वायर सैल झाली होती. आवळली, 17.3 आला. त्याच ओघात पायचा विजेचा हिशोबही विचारला. उत्तर आलं शून्य एक्स 50005, म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय, आत्ताही आणि आधीही. चार वर्षं तो मोबाइलच्या चार्जरवर अर्धपोटी चालत होता. दुसऱ्या दिवशी जळगावहून 5.1 व्होल्ट, अडीच अँपिअरचा अडॅप्टर आणला आणि पाय छोट्या यूपीएसवर टाकला.

आठवड्याने नव्या कार्डावर कोरं बुकवर्म टाकलं, जे आधीच करायचं होतं. दीड दिवस लागला. पायथनच्या लायब्ररी टाकणाऱ्या पिप प्रोग्रामने थेट लायब्ररी टाकू दिली नाही, आता पायथनसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे स्वतंत्र कप्पा, करावं लागतं. ठरलेला आयपी पत्ताही आता नेटवर्क मॅनेजरमध्ये द्यावा लागतो. सेन्सर ज्या पद्धतीने पायशी बोलतात त्या वन-वायरची ओळ फर्मवेअर फोल्डरमधल्या कॉन्फिगमध्ये लिहिली आणि नऊच्या नऊ सेन्सर पहिल्या झटक्यात आले.

दोन नंबरचा माल चौथ्या दिवशी ट्रकमध्ये चढला. आबांनी एक फणी बाजूला काढून उन्हात फिरवून बघितली, देठापासून टोकापर्यंत, आणि क्रेटमध्ये परत ठेवली. काटा थर्मामीटर आता डबीशेजारीच टांगलेला असतो. वहीसुद्धा.