१८९९ च्या नाताळातली प्रेमकथा लिहिताना

अहमदनगरच्या ख्रिस्ती वस्तीतली, १८९९ च्या नाताळात घडणारी प्रेमकथा लिहायला घेतली तेव्हा मी प्रेम बाजूला ठेवलं आणि आधी अपराध ठरवला. या प्रकारच्या कथा बहुधा इथेच फसतात. नायकाचा अपराध शेवटी गैरसमज निघतो आणि क्षमा करायला काही उरतच नाही.

ते वर्ष छप्पनच्या, म्हणजे विक्रम संवत १९५६ च्या दुष्काळाचं. माझा नायक दुष्काळी कामावर, खडी फोडणाऱ्यांची हजेरी लिहिणारा कारकून. मुकादमाच्या दबावाला बळी पडून तो नायिकेच्या भावाची चार दिवसांची हजेरी खोडतो. मजुरी बुडते, घरात दाणा येत नाही, आधीच खंगलेला भाऊ जातो. हे वहीच्या पानावर दिसायला हवं. त्या काळची शाई कागदात मुरायची, पुसून जायची नाही; ती पात्याने खरवडावी लागे. तिथे कागद विरतो, तंतू वर येतात, दिव्यासमोर धरला तर उजेड आरपार दिसतो. नायिकेला सत्य कळतं ते याच पानावरून, कुणाच्या चुगलीवरून नाही.

क्षमेचा कणा बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातला. धन्याने दहा हजार तालांतांचं, म्हणजे कधीच न फिटणारं कर्ज सोडलेला दास शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. ते शंभर दिनार किरकोळ समजून लिहिलं की नायिका हट्टी, कोत्या मनाची वाटू लागते. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. शंभर म्हणजे तीन महिन्यांहून जास्त कष्ट. तिचं येणं खरंच मोठं आहे, आणि तरीही ते सोडायचं आहे. या ओढाताणीला मी सर्वांत जास्त पानं दिली.

तारखांचा तक्ता मात्र लिहिण्याआधी भिंतीवर हवाच. २५ डिसेंबर १८९९ ला सोमवार होता, म्हणजे रविवारची उपासना आणि नाताळची उपासना लागोपाठ. पौर्णिमा १७ तारखेच्या सुमारास होऊन गेलेली, त्यामुळे चोवीसच्या रात्री चंद्र उगवतो तोच मध्यरात्रीच्या आसपास. संध्याकाळी चांदण्यातली भेट रंगवली की पंचांगच खोटं पडतं. मध्यरात्रीचं लग्नही जमत नाही: १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने विधी सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आत व्हायचा, आणि त्यातल्या वेळेच्या सवलती माझ्या कथेतल्या मंडळीला, म्हणजे चर्चला, लागू नव्हत्या.

पंथाची गल्लतही नेहमीची. नगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाची मंडळी. धर्मगुरूच्या कानात पापकबुली, मध्यरात्रीचा मिस्सा हे वसईच्या कॅथलिक कथेत शोभेल, इथे नाही. शिवाय हे मिशनरी अमेरिकेतल्या ज्या न्यू इंग्लंडच्या परंपरेतले, तिथे मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करण्यावर बंदी होती. सार्वजनिक सुट्टी मिळाली ती १८५६ मध्ये. म्हणून म्हाताऱ्या मिशनरी बाईंच्या बंगल्यात सण बेताचा ठेवला आणि उत्साह वस्तीतल्या भजन-कीर्तनात आणला. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. त्यानेच गाव जिवंत होतं.

रचनेत एकच नियम कसोशीने पाळला: कबुली आणि क्षमा एका प्रसंगात नको. कबुली कथेच्या साठ टक्क्यांवर, क्षमा निदान तीन प्रसंगांनंतर. विश्वास त्याहूनही पुढे, कारण क्षमा तिच्या हातात आहे. विश्वास मात्र त्याला कमवावा लागतो. तो अधिकाऱ्यासमोर खरी हजेरी मांडतो, नोकरी गमावतो, मग लग्नाची बोलणी. नाताळला क्षमा, मागणी नंतर. दोन्ही पंचवीस तारखेला कोंबलं की मागणी हे क्षमेचं बक्षीस वाटू लागतं.

प्रार्थना तीन ओळींवर गेली की मी कापते. तिथे पात्राचा आवाज जाऊन उपदेशकाचा येतो. नायिकेची सगळ्यात खरी प्रार्थना अर्ध्यावर तुटते: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस..." प्रभूच्या प्रार्थनेतलं एवढं म्हणून ती थांबते, आणि पुढचे, ऋण सोडल्याचे शब्द तिच्या तोंडी मी शेवटच्या प्रकरणापर्यंत येऊ देत नाही.