जत्रेचं नाटक पेनड्राइव्हवर नेताना

गोव्यात फोंडा तालुक्यात जत्रा म्हटली की रात्री मराठी नाटक आलंच. यंदा आमच्या गावच्या कलाकारांनी संगीत नाटक बसवलं आणि मी ते कॅमेऱ्यावर अख्खं टिपलं. फुल एचडी (१९२० बाय १०८० पिक्सेल), सेकंदाला ५० फ्रेम, बिटरेट २८ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २८ मेगाबिट. तीन तासांच्या खेळाचे झाले साधारण ३८ जीबी. एवढं धूड द्यायचं कोणाला आणि कसं? नायकाचं काम केलेले मामा जुन्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावून बघणार, मामी मोबाइलवर आणि मुंबईची भाचेकंपनी लॅपटॉपवर. प्रत्येकासाठी वेगळी फाइल करत बसायची माझी तयारी नव्हती.

नव्या कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या नव्या पद्धतींचा, मोह आधीच बाजूला सारला. एचईव्हीसी २०१३चं, एव्ही१ २०१८चं. तेवढ्याच दर्जाला फाइल लहान होते हे खरं, पण मामांचा टीव्ही त्यातलं काहीच ओळखत नाही. म्हणून २००३पासून चालत आलेलं एच.२६४ घेतलं, तेही ८ बिट रंगाचं. ज्याचं यंत्र सगळ्यात म्हातारं, त्याच्या चालीने जायचं.

व्हिडिओ एन्कोड करायला, म्हणजे दाबून नवी फाइल बनवायला, हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात पहिला अंक ५० फ्रेमनेच काढून टीव्हीवर लावला. चित्र छान, पण थोड्या थोड्या वेळाने झटका. मामा म्हणाले, "मी तान घेतली की हा टीव्हीच दम खातो रे!" बिटरेट निम्म्यावर आणून पाहिला, झटके तसेच. शेवटी टीव्हीची माहितीपुस्तिका शोधून काढली. त्यात बारीक अक्षरात होतं: हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१. गोम इथेच होती. लेव्हल म्हणजे डिकोडरने, टीव्हीतल्या फाइल उलगडणाऱ्या भागाने, सेकंदाला किती चित्र उलगडायचं याची मर्यादा. फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १६ बाय १६ पिक्सेलचे ८,१६० चौकोन बसतात आणि ४.१ला सेकंदाला २,४५,७६० चौकोनांची परवानगी. भागाकार केलात तर ३० फ्रेम येतात. ५० फ्रेमसाठी ४.२ लागते. बिटरेट कितीही उतरवा, चौकोन तेवढेच राहतात.

मग दोन वाटा उरल्या: फुल एचडी २५ फ्रेमने, नाहीतर ७२० ओळींचं लहान चित्र ५० फ्रेमने. दोन्ही ४.१मध्ये बसतात. नाटकात माणसं उभी राहून बोलतात, गातात. तिथे डोळ्यांतला भाव दिसणं महत्त्वाचं. म्हणून फुल एचडी, २५. शिगम्यातली घोडेमोडणी (कमरेला लाकडी घोडे बांधून करायचा नाच) असती तर डोळे झाकून ७२० आणि ५० घेतलं असतं. ३० मात्र अजिबात नाही. ५०मधून २५ करताना एकाआड एक फ्रेम गाळली जाते आणि चाल समान राहते. ३० करायला गेलं की कुठे एक गळते, कुठे नाही, आणि कॅमेरा सावकाश फिरवला तरी चित्र अडखळतं.

आता दर्जा. इथे लोक तासन् तास आकड्यांवर वाद घालतात, मी एक सोपं केलं. तिसऱ्या अंकात रात्रीचा प्रवेश आहे: निळा प्रकाश, मागे गडद पडदा आणि धूर. एन्कोडरला जड जाणारं सगळं एकाच ठिकाणी. तेवढाच अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापला आणि पुन्हा पुन्हा तोच एन्कोड केला. हँडब्रेक वापरतं त्या एक्स२६४ या एन्कोडरमध्ये दर्जा सीआरएफ नावाच्या आकड्याने ठरतो, त्याचा ठरलेला आकडा २३. आकडा कमी तर दर्जा जास्त, आणि सहाने उतरलं की फाइल साधारण दुप्पट. २३वर पहिल्या अंकातल्या शेल्याची जर लख्ख दिसत होती. या तुकड्यात मात्र धुराचे चौकोन होऊन सरकत होते आणि पडद्यावर निळ्याच्या पायऱ्या पडल्या होत्या. २०वर आणलं, अंधाऱ्या भागाला जास्त बिट देणारा 'एक्यू मोड ३' लावला, तेव्हा चौकोन गेले. पायऱ्या जरा उरल्या. ८ बिटमध्ये तेवढं चालवून घेतलं. कॅमेऱ्याची खरखर काढायला डीनॉइज हलका ठेवला. जोरात लावला की मामांचा चेहरा मेणाचा दिसायचा.

प्रीसेट, म्हणजे एन्कोडरने किती सावकाश मेहनत घ्यायची ते, 'स्लो'. एक फ्रेम दाबताना 'स्लो' इतर ५ फ्रेमपर्यंत ('व्हेरी स्लो' तर १६पर्यंत) संदर्भ घेऊ पाहतं आणि ४.१ला फुल एचडीत चारच चालतात, म्हणून लेव्हल 'ऑटो'वर न सोडता ४.१ निवडून दिली. कमाल बिटरेट १० एमबीपीएसवर बांधला. आवाज एएसी, १९२ केबीपीएस.

पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही. नाटकाचे अंक तीन, त्यामुळे फाइलीही तीन केल्या. तासाभराचा अंक सरासरी साडेपाच एमबीपीएसने अडीच जीबीत बसला.

हे सगळं चाललं होतं जूनमध्ये, म्हणजे वीज कधी जाईल याचा नेम नाही. टेबलावरचा कॉम्प्युटर रात्रभर एन्कोड करणार आणि यूपीएस नाही. एमपीफोर फाइल अर्धवट राहिली तर सहसा उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारची फाइल जिथवर झाली तिथवर तरी दिसते. म्हणून आधी एमकेव्ही काढली आणि मग एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने, पुन्हा एन्कोड न करता, एमपीफोरमध्ये नुसती भरली. भरताना अनुक्रमणिका पुढे आणली, म्हणजे मामींना मोबाइलवर पूर्ण फाइल उतरेपर्यंत थांबायला नको. मूळचे ३८ जीबी हार्ड डिस्कवर तसेच आहेत. उद्या टीव्ही बदलला तर त्यातूनच नवी फाइल काढीन, या फाइलींतून नाही.

झटके गेले. आता मामांची तक्रार वेगळी: हार्मोनियम पुढे आणि त्यांचा आवाज मागे. ते काही एन्कोडिंगमध्ये सुधारत नाही. पुढच्या जत्रेला साउंडवाल्याकडून गायकांच्या माइकची लाइन वेगळी मागून घेणार आहे.