12 व्होल्टचा चोर सापडला (अर्धा)

मंडळी, माझ्या इलेक्ट्रिक गाडीची छोटी 12 व्होल्टची बॅटरी उभ्या उभ्या उतरवणारा चोर सापडला, निदान अर्धा तरी. मागच्या अपडेटपर्यंत ओबीडी डोंगल (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमधलं) काढून झालं होतं, डॅशकॅमचा पार्किंग मोड बंद केला होता, आणि तरीही चार दिवस गाडी हलवली नाही की 12 व्होल्टवाली बॅटरी 12.1 वर घसरलेली. बॅटरी नवीकोरी, 35 एएच (अँप-अवर, म्हणजे क्षमता), लोड टेस्ट पास. गाडी चालवणाऱ्या मेन पॅकमधे तीनचतुर्थांश चार्ज, पण कॉन्टॅक्टर (तो पॅक गाडीला जोडणारे मोठे स्विच) ओढायला 12 व्होल्टच नसतील तर त्या चार्जचं करायचं काय? चार्जिंगची गन लावूनही उपयोग नाही, कारण चार्जर जागा व्हायलाही तेच 12 व्होल्ट लागतात.

मला छळलं ते याने, की जेव्हा मोजावं तेव्हा सगळं छान. बॉनेटचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केलं (नाहीतर बॉनेट उघडं आहे समजून गाडी झोपतच नाही), किल्ली वर घरात ठेवून आलो, अर्धा तास थांबलो, निगेटिव्ह केबलला क्लॅम्प मीटर (तार न सोडवता करंट मोजणारा) लावला, तर 25 मिलीअँप. म्हणजे दिवसाला 0.6 एएच. या हिशोबाने बॅटरी अर्धी व्हायला महिना लागायला हवा. मग फ्यूजवरचे मिलीव्होल्ट मोजत बसलो, फ्यूज न उपटता. 10 अँपच्या मिनी फ्यूजवर 1 मिलीव्होल्ट दिसला तर साधारण सव्वाशे-दीडशे मिलीअँप जातायत समजायचं. एकही फ्यूज बोलेना.

क्लॅम्पवरून आठवलं, बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात, घेताना डीसी अँपची रेंज बघूनच घ्या. माझा युनि-टीचा यूटी 210 ई आहे, 2 अँपच्या रेंजला 1 मिलीअँपपर्यंत दाखवतो, फक्त दर वेळी झीरो करावा लागतो, जरा हलवला तरी भरकटतो. तपकीर गल्लीत एका दुकानदाराने मला एसीवालाच "साहेब, दोन्ही चालतं" म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न केला, बॉक्सवरचं वाचून दाखवल्यावर गप्प बसला.

तर शेवटी टर्मिनलवर ब्लूटूथ मॉनिटर बसवला, तो दर दोन मिनिटांनी व्होल्टेज लिहून ठेवतो. अ‍ॅप एकदम भंगार आहे, लोकेशन चालू केल्याशिवाय ग्राफ दाखवत नाही, पण ग्राफ बघितला आणि अंगावर काटाच आला! सरळ 12.6 ची रेघ आणि तिला साधारण तासातासाला खाली दात, 12.3 पर्यंत, चार मिनिटं, परत वर. करवतच. म्हणजे गाडी झोपत होती, पण कोणीतरी तिला तासाला उठवत होतं आणि मी नेमका मधल्या वेळात क्लॅम्प घेऊन बसायचो. एक दात पकडायला मुद्दाम ताटकळलो, तेव्हा क्लॅम्पवर 3 अँप दिसले. 3 अँप चार मिनिटं म्हणजे 0.2 एएच, दिवसाला 24 वेळा, झाले की पाच एएच. चार दिवसांत वीस. हिशोब चोख बसला.

आता तासाला काय चालतं? टायमर कुठेच नाही. माझ्या फोनवरून गाडीचं अ‍ॅप काढून टाकलं, दात तसेच. मग रात्री जेवताना बायकोच्या फोनकडे लक्ष गेलं, होम स्क्रीनवर गाडीचं विजेट, "72%, 2 मिनिटांपूर्वी अपडेट". म्हटलं अगं हे कधीपासून? तर म्हणे "तू सारखा बॅटरी बॅटरी करतोस म्हणून लावलं, मला पण कळायला नको का?" विजेट रिफ्रेश झालं की टेलिमॅटिक्स (गाडीतलं सिमवालं युनिट) जागं, ते बाकीच्या मॉड्यूलना उठवणार आणि मग सगळ्यांना परत झोपायला चार मिनिटं. विजेट काढलं आणि दुसऱ्या दिवशीचा ग्राफ असा सपाट, की मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. सपाट म्हणजे एक दात सोडून, पहाटे तीनच्या आसपासचा. त्यावर येतो.

दरम्यान "बॅटरी मेलीच तर" याची रंगीत तालीम केली. जुनी काढलेली बॅटरी हेडलाइटच्या बल्बवर 10.5 पर्यंत उतरवून गाडीत बसवली. सेंट्रल लॉक गेलं, डॅश काळा. किल्लीतल्या पात्याने दार उघडलं, बॉनेटचा खटका केबलवर आहे त्यामुळे तोही चालला. डिकी मात्र इलेक्ट्रिक, ती ढिम्म. तेव्हा ज्यांनी जंप पॅक (मेलेल्या बॅटरीला धक्का द्यायची पॉवर बँक) डिकीत ठेवलाय त्यांनी आजच पुढे आणा. आणि लिथियमवाला असेल तर एप्रिल-मेमधे उन्हातल्या गाडीत ठेवूच नका.

मी जंप पॅक वापरलाच नाही. यूपीएसची 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी, पॉझिटिव्हला 30 अँपचा फ्यूज, दोन क्रोकोडाइल क्लिप, बस. आपल्याला स्टार्टर फिरवायचा नाही, फक्त कंप्युटर उठवायचे आणि कॉन्टॅक्टर ओढायचे. पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह बॉडीला. ब्रेक दाबून बटण दाबलं, खालून दोनदा टक् टक् आणि मीटर 11.8 वरून थेट 14.3, डीसी-डीसी (मेन पॅकवरून 12 व्होल्ट बॅटरी भरणारा कन्व्हर्टर) चालू! काय सुख आहे सांगू. डॅशवर रेडी आल्याबरोबर छोटी बॅटरी काढायची. मेलेली बॅटरी पूर्ण भरायला अर्धा युनिटसुद्धा लागत नाही, पॅकला कळतही नाही. हे बघून शेजारचे काका त्यांच्या डिझेलला जंप मागायला आले, त्यांना नाही म्हटलं. स्टार्टर शेकडो अँप ओढतो, डीसी-डीसीचा तो प्रांत नाही. यूपीएसच्या बॅटरीनेही ते होणार नव्हतं.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) 12 व्होल्ट बॅटरी मागवायचा विचार होता तो सध्या रद्द. ती जवळपास शेवटपर्यंत 13 च्या आसपास असते आणि मग तिचा बीएमएस (आतलं संरक्षण सर्किट) एकदम तोडतो, आणि माझी सगळी वॉर्निंग तर व्होल्टेज बघूनच आहे.

राहिला तीनचा दात. शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर) लावून करंट लॉग करणार होतो, पण लिहितालिहिता दुसरंच सुचलं. आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या बी-2 पार्किंगला नेटवर्क शून्य आहे. शनिवारी रात्री गाडी तिथे लावतो. दात गेला तर गाडीला कोणीतरी बाहेरून उठवतंय, राहिला तर आतलाच कोणीतरी. आणि मोठा झाला तर सिम टॉवर शोधत बसलंय, मग बी-2 कायमचं बाद. ग्राफ रविवारी टाकतो.