इस्ट्रोजेन चालू, प्रोजेस्टेरॉन बंद

पाळी गेल्यावर हॉर्मोन सुरू केलेल्या बाईचा औषधांचा डबा उघडला की बरेचदा असं दिसतं: इस्ट्रोजेनचं जेल संपत आलेलं आणि प्रोजेस्टेरॉनची स्ट्रिप जवळजवळ भरलेली. साहजिक आहे. इस्ट्रोजेनने अंगातून येणाऱ्या वाफा थांबतात, रात्रीचा घाम थांबतो, म्हणजे गुण लगेच कळतो. प्रोजेस्टेरॉनचा गुण कळत नाही. उलट गुंगी येते, पोट फुगतं, कुणाला पुन्हा अंगावरून जायला लागतं. मग तेच आधी सुटतं.

गर्भपिशवी शाबूत असेल तर ही चूक महागात पडते. इस्ट्रोजेन पिशवीचं अस्तर वाढवतं आणि प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आवर घालतं. आवर घालणारं काढून घेतलं की अस्तर जाड होत राहतं आणि पुढे त्यात कॅन्सरचा धोका वाढतो. एकटं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमधला हा धोका १९७५ साली अमेरिकेत पुढे आला, त्यानंतर जोडीने द्यायची पद्धत रुजली. म्हणून काही कारणाने प्रोजेस्टेरॉन झेपत नसेल तर ते गुपचूप बंद करायचं नाही. डॉक्टरांना सांगून प्रकार बदलून घ्यायचा. डायड्रोजेस्टेरॉनची गोळी आहे, पिशवीत बसवायची लेव्होनॉरजेस्ट्रेलची ५२ मिलिग्रॅमची कॉइल आहे; दोन्ही प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करतात.

नेहमीच्या मात्रेतल्या इस्ट्रोजेनसोबत मायक्रोनाइज्ड, म्हणजे अगदी बारीक कण केलेलं, प्रोजेस्टेरॉन दोन तऱ्हांनी देतात. पाळी नुकती थांबली असेल किंवा अजून अधूनमधून येत असेल तर महिन्यातल्या १२ ते १४ रात्री २०० मिलिग्रॅम. त्यानंतर पाळीसारखा रक्तस्राव होतो आणि तो अपेक्षित असतो. पाळी जाऊन वर्ष उलटलं असेल तर रोज रात्री १०० मिलिग्रॅम. पहिल्या तऱ्हेत दिवस मोजताना गोंधळ होतो. सरळ १ ते १२ तारीख धरा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोल करून ठेवा. इस्ट्रोजेनची मात्रा वाढवली तर प्रोजेस्टेरॉनही वाढवावं लागेल का, हे त्याच भेटीत विचारा. ते विचारायचं राहून जातं.

वेळ झोपायच्या आधीचीच. या औषधाचं शरीरात जे रूपांतर होतं त्याने झोप येते. सकाळी घेऊन स्कूटर चालवायला जाऊ नका. भरल्या पोटी ते जास्त शोषलं जातं आणि गुंगीही जास्त येते, म्हणून जेवण आणि कॅप्सूल यांत दोनेक तास जाऊ द्या. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या रात्री दोन घेऊ नका, नेहमीची एकच घ्या. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

मेडिकलमध्ये एक घोळ होतो. सणावाराला पाळी पुढे ढकलायची गोळी घरोघरी माहीत आहे. ती नॉरएथिस्टेरॉनची, ५ मिलिग्रॅमची. ‘तेही प्रोजेस्टेरॉनच’ म्हणून ती बदली घेऊ नका. औषध वेगळं, मात्रा वेगळी. ऑनलाइन मिळणारी त्वचेला लावायची प्रोजेस्टेरॉन क्रीमही पिशवीच्या अस्तराला पुरेसं संरक्षण देत नाहीत.

आता इस्ट्रोजेन. पोटात घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. जेल आणि त्वचेवर चिकटवायची पट्टी हा टप्पा टाळतात, म्हणून वजन जास्त असलेल्या किंवा मायग्रेनचा त्रास असलेल्या बाईला बहुधा तेच देतात. ०.०६ टक्क्यांच्या जेलच्या १.२५ ग्रॅममध्ये ०.७५ मिलिग्रॅम इस्ट्रॅडिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, असतं. दंडावर किंवा मांडीवर पातळ पसरायचं, चोळत बसायचं नाही. पाचेक मिनिटं वाळू द्यायचं, हात साबणाने धुवायचे, तासभर त्या जागेवर पाणी किंवा मॉइश्चरायझर नको. स्तनांवर कधीच नाही. जेलमध्ये अल्कोहोल असतं, तेव्हा ते वाळेपर्यंत गॅसजवळ किंवा देवापुढच्या निरांजनाजवळ जाऊ नका. लहान मूल घरात असेल तर ती जागा कपड्याने झाका. पट्टी कमरेखाली लावायची. अंगाला तेल लावलं असेल तर ती हमखास सुटते.

योनीमार्गाच्या कोरडेपणासाठी कमी मात्रेचं इस्ट्रिऑल (हेही इस्ट्रोजेनच) क्रीम दिलं असेल तर त्याबरोबर प्रोजेस्टेरॉन लागत नाही. पिशवी काढलेली असेल तरीही सहसा लागत नाही. पण शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवा, कारण अंडाशय ठेवले की काढले आणि पिशवीचं तोंड राहिलं का, यावर पुढचे निर्णय ठरतात. चाळिशीच्या आत अंडाशयही गेले असतील तर हॉर्मोनचा विचार लवकर व्हायला हवा.

थायरॉईडची गोळी चालू असताना इस्ट्रोजेनची गोळी सुरू झाली तर थायरॉईडची मात्रा कमी पडू शकते. सहा ते बारा आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या. टीबीचं रिफॅम्पिसिन, फिटचं फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन चालू असेल तर हॉर्मोन शरीरातून लवकर संपतात. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गाठ, हार्ट ॲटॅक, पक्षाघात, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकी काहीही असेल किंवा होऊन गेलं असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. एकच पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं, बोलणं अडखळणं, अशा वेळी तडक हॉस्पिटल गाठा.

रोजच्या प्रोजेस्टेरॉनवर पहिले तीन ते सहा महिने थोडं डाग लागणं चालतं. सहा महिन्यांनंतरही थांबलं नाही, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघावी लागते. तपासणीला जाताना औषधांच्या स्ट्रिप सोबत न्या आणि किती कॅप्सूल चुकल्या तेही खरं सांगा. महिन्यातून १२ रात्रीवाली तऱ्हा असेल तर सोनोग्राफी रक्तस्राव संपल्या संपल्या करा. तेव्हा अस्तर सगळ्यात पातळ असतं.