वहीतले सहा आकडे आणि सातवा

परदेशात मास्टर्सला प्रवेश घेण्यासाठी जी जीआरई परीक्षा देतात, तिची तयारी करताना मी एक दोनशे पानी वही केली होती. तिच्या शेवटच्या पानावर प्रॅक्टिस टेस्टचे आकडे एकाखाली एक लिहिलेत: 312, 306, 304, 309, 325, 319. खाली लाल पेनने सातवा. तो परीक्षेचा.

पहिला 312 जुलैचा. ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या साइटवर पॉवरप्रेप नावाच्या दोन सराव टेस्ट फुकट मिळतात, त्यातली पहिली मी काहीही न वाचता दिली. व्हर्बल म्हणजे इंग्रजीत 151, क्वांट म्हणजे गणितात 161. तेव्हा मी चाकणला नोकरीला होतो, बस पकडून पुण्यात परत येईपर्यंत आठ वाजायचे, त्यामुळे रोज दीड तासाच्या वर अभ्यास होत नसे. तरी म्हटलं, तीन महिने आहेत, 320 जाईल सहज.

मग एका खासगी क्लासचं मॉकचं पॅकेज घेतलं. तिथे 306. पुढच्या आठवड्यात 304! अभ्यास करून आठ गुण खाली. क्वांट 154-155 वर अडकलेलं, आणि मी इंजिनिअर. आई विचारायची, "कसा गेला रे पेपर?" आणि मी विषय बदलायचो. तिसऱ्या मॉकनंतर डोकं शांत करून चुका तपासल्या तेव्हा दिसलं, की निम्म्या गणितांत लांबलचक आकडेमोड होती, कॅल्क्युलेटर बडवत बसायची. ईटीएसच्या प्रश्नांत तसं क्वचित असतं. तिथे खोच वेगळी. समजा, क्ष वर्ग मोठा की क्ष घन, असं विचारलंय. मी मनातच क्ष धन पूर्णांक धरून 'घन मोठा' ठोकून मोकळा. तो ऋण असेल किंवा शून्य-एकच्या मधला असेल, हे डोक्यातच यायचं नाही. खरं उत्तर 'सांगता येत नाही'. असल्या चुका वहीत लिहायला लागलो तेव्हा कुठे अभ्यासाला दिशा आली. मॉकचे पैसे वसूल झाले ते एवढ्यापुरतेच.

325 चं मात्र हसू येतं. सप्टेंबरमध्ये पॉवरप्रेपची पहिलीच टेस्ट पुन्हा दिली. प्रश्न तेच असतात, हे माहीत होतं. पण 'मला कुठे आठवतायत' अशी स्वतःची समजूत घातली. एका उताऱ्याची पहिली ओळ वाचली आणि उत्तर 'ब' हे आधी आठवलं, उतारा नंतर! शिवाय मध्ये आईने चहाला हाक मारली म्हणून दहा मिनिटं उठून गेलो. तरी त्या रात्री वडिलांना मोठ्या तोऱ्यात 325 सांगितले.

दुसरी फुकट टेस्ट मी जपून ठेवली होती, आणि या सगळ्यात केलेली शहाणपणाची गोष्ट तीच. माझा स्लॉट सकाळी दहाचा होता. परीक्षेच्या नऊ दिवस आधी रजा टाकली, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दहाला बसलो, फोन बंद करून बॅगेत. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा 1 तास 58 मिनिटांची झालीय आणि मध्ये सुट्टी नाही, म्हणून जागचा हललो नाही. आधी अर्ध्या तासाचा निबंधही लिहिला, जो एरवी मी सरळ उडवून द्यायचो. पुढच्या व्हर्बलला डोकं किती शिणलेलं असतं ते त्या दिवशी कळलं. आले 319: व्हर्बल 154, क्वांट 165.

परीक्षेच्या दिवशी सेंटरवर पासपोर्ट बघितला, खिसे उलटे करायला लावले, चष्मा काढून काड्यासुद्धा तपासल्या. व्हर्बलचा पहिला सेक्शन 18 मिनिटांत 12 प्रश्न. एका वाक्यपूर्तीवर मी तीन मिनिटं घातली आणि शेवटचे दोन अंदाजाने मारले. पहिला सेक्शन कसा जातो त्यावर दुसरा सोपा की कठीण येणार हे ठरतं, त्यामुळे दुसरा जरा सोपा वाटला तेव्हा पोटात गोळाच आला. शेवटी स्कोअर ठेवायचा की रद्द करायचा ते विचारतात. ठेवला. व्हर्बल 153, क्वांट 164. एकूण 317.

घरी येऊन सहा आकड्यांची सरासरी काढली: 312.5. म्हणजे जुलैतल्या पहिल्या टेस्टएवढीच. तीन महिन्यांत मी काही शिकलोच नाही, असं म्हणणारी. खऱ्या स्कोअरच्या जवळ आला तो एकटा 319. ईटीएस स्वतःच बजावते की गुणांच्या बारीक फरकांवरून उमेदवारांत डावं-उजवं करू नका. मग दोन गुणांसाठी मी का रडावं? वडिलांचं म्हणणं वेगळं होतं: "325 चे 317 कसे झाले?" त्यांना चहाची गोष्ट सांगावी लागली.

21 दिवसांनी पुन्हा बसता आलं असतं. पण फी वीस हजारांच्या वर, आणि आता न पाहिलेली फुकट टेस्टही उरली नव्हती. नाही बसलो.

निबंधाचे गुण नंतर ऑनलाइन आले, 6 पैकी 3.5. फुकटच्या टेस्टमध्ये निबंध तपासून मिळत नाही, त्यामुळे वहीत त्याचा रकानाच नव्हता. मी 4.5 धरून चाललो होतो. कशाच्या जोरावर, देव जाणे.