आमची वाटचाल : जुन्या वेल्डिंग मशीनचा उतरलेला करंट

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी गाळा घेतला तो मोटार वाइंडिंगसाठी, म्हणजे आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळण्यासाठी. फौंड्र्या, ऑइल इंजिनं, शेतीपंप यांचं काम भरपूर असायचं, त्यात अधूनमधून वेल्डिंगची मशीनही यायची. तक्रार ठरलेली : "मालक, मशीनला दम राहिला नाही. रॉड चिकटतोय. वाइंडिंग करून टाका." बाजाराचा रिवाजही तोच होता, मशीन आली की वाइंडिंग. वडिलांना ते पटायचं नाही. जळाल्याचा वास नाही, मेगर (तारेवरचं आवरण तपासायचं यंत्र) चांगला दाखवतोय, मग चांगलं तांबं उपसायचं कशाला, असं ते विचारायचे. आमचा धंदा बदलला तो या प्रश्नामुळे.

शिरोळ-हातकणंगले भागात ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या बांधणारे बरेच कारागीर आहेत. त्यांच्यातल्या एकाकडे ४०० अँपिअरचा जुना रेक्टिफायर होता, म्हणजे एसीचा डीसी करून देणारी मशीन; हे काम त्यात डायोड करतात, ते प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतात. ४ मिलिमीटरचा रॉड नीट चालेना. वाइंडिंगचा खर्च दुसरीकडून सांगून झाला होता. आम्ही मशीन गाळ्यावर न आणता जागेवर गेलो. बिनलोड, म्हणजे वेल्डिंग चालू नसतानाचं, व्होल्टेज मोजलं तर ७० च्या आसपास, म्हणजे जसं हवं तसं. डायोड उघडा झाला (आतून तुटला) असता किंवा येणारी एक फेज पुरती गेली असती, तर हाच आकडा बराच खाली दिसला असता आणि मशीनचा आवाजही घरघरीत झाला असता. मग मिस्त्रींना रॉड लावायला सांगितला आणि आर्क (रॉडच्या टोकाची ठिणगी) पेटलेला असतानाच येणारा सप्लाय मोजला. दोन फेजमध्ये ४०० च्या वर, पण तिसरी धरून मोजलं की काटा खाली बसायचा. आर्क तुटला की पुन्हा सगळं ठीक.

दोष बोर्डावरच्या किटकॅट फ्यूजमध्ये, म्हणजे तार बसवायच्या चिनीमातीच्या जुन्या फ्यूजमध्ये, निघाला. पितळी पट्टी काळी पडली होती, स्प्रिंगचा ताण गेला होता. बिनलोडवर तेवढा संपर्क पुरायचा, लोड आला की पुरायचा नाही. मशीनचा पंखा उरलेल्या दोन फेजवर असल्यामुळे झकास फिरत होता, म्हणून सप्लायवर कोणाचा संशय गेलाच नव्हता. एचआरसी (बंद नळीतल्या) फ्यूजचा स्विच बसवला आणि त्याच मशीनवर ट्रॉलीची चासी पुरी झाली.

तेव्हापासून आम्ही तपासणीची वेगळी फी घ्यायला लागलो. सुरुवातीला लोक कुरकुरायचे. मशीन न उघडता पैसे कसले, म्हणायचे. पण न उघडण्यातच त्यांचे पैसे वाचतात, हे माझं आजही ठाम मत आहे.

व्होल्टेजची सगळ्यात जास्त चोरी केबलमध्ये होते. ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, जाऊन-येऊन ६० मीटर, करंट २०० अँपिअर : चार व्होल्ट तिथेच जातात. तेवढ्याच जाडीची अॅल्युमिनियमची असेल तर जवळपास सात. या करंटला आर्कला हवेत २८ व्होल्ट, म्हणजे सात ही चैन नव्हे. त्यात लग (केबलच्या टोकाचा जोड) ढिला, अर्थिंगचा क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर लावलेला, आणि एसी करंटवर वेल्डिंग करणाऱ्या मशीनची उरलेली केबल वेटोळं करून ठेवलेली. मग मशीनला का दोष द्यायचा? गावाकडे पंपांच्या वेळेत व्होल्टेजच ३६० वर येतं, त्याला तर मशीनमधलं काहीच कारण नाही. जुन्या मशीनला ३८० ची टॅपिंग (कमी व्होल्टेजसाठीची वेगळी जोडणी) असेल तर ती लावून काम भागतं, पण व्होल्टेज वर आलं की आठवणीने परत बदलावी लागते.

बाहेरचं सगळं निर्दोष ठरलं तरच आम्ही झाकण काढतो. थायरिस्टरच्या (म्हणजे इशारा मिळाल्यावरच चालू होणाऱ्या डायोडच्या) मशीनमध्ये पहिल्यांदा लोकल-रिमोटचा, म्हणजे करंट मशीनवरून की दुरून बदलायचा ते ठरवणारा, स्विच बघतो, मग करंटचा पॉट (कमीजास्त करायचं बटण), मग गेटचे पल्स, म्हणजे थायरिस्टरला मिळणारे ते इशारे. सहापैकी एका थायरिस्टरला पल्स मिळत नसेल तर मशीन चालते, पण लंगडत. काळे पडलेले बसबारचे (करंट वाहणाऱ्या जाड पट्ट्यांचे) जोड सोडवून, घासून, घट्ट केले तरी बऱ्याचदा फरक दिसतो.

पुढे आम्ही स्वतःची लोड बँक बांधली, म्हणजे वेल्डिंग न करता मशीनवर तेवढाच भार टाकणारी सोय. २०० अँपिअरला २८ व्होल्ट, ३०० ला ३२, असं लोडवर चालवून दाखवल्याशिवाय दुरुस्त मशीन आता गाळ्याबाहेर जात नाही. साखर कारखान्यांची दुरुस्तीची कामं पावसाळ्यात निघतात, तेव्हा या बँकेला उसंत नसते.

इलेक्ट्रॉनिक बोर्डांवर चालणाऱ्या हलक्या इन्व्हर्टर मशीन आल्यावर जुन्यांचं काम घटलं. पुतण्या इन्व्हर्टरचे बोर्ड बघतो, मी ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर. दोन्हींना नियम एकच : मशीन आणताना आपली केबल, होल्डर आणि अर्थिंगचा क्लॅम्पही सोबत आणा. नुसती मशीन आली तर आम्ही आधी फोन करून तेच मागवतो.